शिष्यवृत्तीचे कागद तुमच्या टेबलावर आहेत: मुंबईतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई शहर आणि उपनगरांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, उपप्राचार्य आणि पर्यवेक्षक

सप्रेम नमस्कार.

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींबरोबर आम्ही काम करतो. त्यांतली बरीच अशा घरांतली आहेत, की जवळजवळ सगळा खर्च शिष्यवृत्तीतून निघाला तरच जाणं शक्य. तरीही हे पत्र त्यांना किंवा त्यांच्या पालकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत. मूल सॅटमध्ये (अमेरिकेतल्या पदवीप्रवेशासाठीच्या परीक्षेत) कितीही गुण मिळवो, त्याच्या अर्जातले चार-पाच महत्त्वाचे कागद त्याला स्वतःला पाठवताच येत नाहीत. ते कॉलेजनेच पाठवायचे असतात. हुशार मुलांचे अर्ज आमच्या डोळ्यांसमोर लंगडे पडतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी, आणि त्यातल्या प्रत्येक चुकीवर इलाज आहे.

आधी मुळातला फरक सांगतो. आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी. टक्के किंवा सीईटीचा पर्सेंटाइल लागला, कट-ऑफ लागला, विषय संपला. कॉलेजचं काम बोनाफाईड आणि लीव्हिंग सर्टिफिकेट देण्यापुरतं. अमेरिकेतलं कॉलेज मात्र मुलाची नववीपासूनची चार वर्षं वाचतं, आणि त्यासाठी त्याला शाळा-कॉलेजची साक्ष लागते. बहुतेक अर्ज कॉमन अ‍ॅप या सामायिक प्रणालीवरून जातात (एमआयटीची स्वतःची वेगळी आहे). तिथे मुलाचं खातं वेगळं आणि तुमच्या कॉलेजचं वेगळं. तुमच्या कॉलेजच्या बाजूने ‘काउन्सेलर’ म्हणून ज्याचं नाव असेल त्याने स्कूल रिपोर्ट (मुलाबद्दल कॉलेजने भरायचा फॉर्म) भरायचा आणि त्याला स्वतःचं पत्र, स्कूल प्रोफाइल (कॉलेजची ओळख) आणि ट्रान्स्क्रिप्ट (नववीपासूनच्या गुणांचा तक्ता) जोडायचं. बहुतेक ठिकाणी दोन विषयशिक्षकांची पत्रं लागतात. ती त्यांनी आपापल्या लॉगिनवरून चढवायची. जानेवारी-फेब्रुवारीत बारावीच्या पहिल्या सत्राच्या गुणांचा मिड-इयर रिपोर्ट आणि बोर्डाचा निकाल लागला की फायनल रिपोर्ट. ट्रान्स्क्रिप्ट एकदा चढवलं की मुलाने निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना तेच जातं. दहा ठिकाणी अर्ज आहे म्हणून दहा प्रती काढायच्या, दहा शिक्के मारायचे, असं काही नसतं.

‘काउन्सेलर’ शब्द ऐकला की बरीच कॉलेजं थबकतात. आमच्याकडे ते पद नाही, असं सांगून मुलाला परत पाठवलं जातं. पद नसलं तरी अडत नाही. उपप्राचार्य, पर्यवेक्षक, वर्गशिक्षक, कुणीही कॉलेजच्या वतीने हे काम करू शकतो. तो मुलाचा नातेवाईक नसावा, आणि त्याचा ई-मेल कॉलेजच्या डोमेनवरचा असावा. ज्यात कॉलेजचंही नाव नाही आणि धड माणसाचंही नाही अशा जीमेल पत्त्यावरून शिफारस आली की तिकडच्या कार्यालयात शंका घेतली जाते. मुलानेच शिक्षकाच्या नावाने खातं उघडून स्वतःची स्तुती लिहिल्याची प्रकरणं त्यांना ठाऊक आहेत. आपल्या कॉलेजची वेबसाइट असेल तर त्याच डोमेनवर एक पत्ता उघडणं हे संगणक विभागाचं दहा मिनिटांचं काम आहे.

आता तारखा. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, काही ठिकाणी १५ नोव्हेंबर. नेहमीच्या फेरीची जानेवारीचा पहिला आठवडा. पहिल्या फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्याला, दुसरीचे मार्चअखेर, आणि जागा पक्की करायची १ मेपर्यंत. यातली १ नोव्हेंबर ही तारीख आपल्या दिवाळीच्या सुट्टीला येऊन धडकते. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरलाच होतं. २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे सहामाहीचे गठ्ठे तपासून शिक्षक गावी निघालेले, कार्यालयाला कुलूप, आणि मूल प्राध्यापकांच्या फोनवर ‘सर, फक्त एक अपलोड राहिलंय’ असे मेसेज टाकत बसलेलं. काही अमेरिकी कॉलेजं शाळेच्या कागदांना चार-आठ दिवसांची सवलत देतात, पण त्या सवलतीवर विसंबू नये. कार्यालयाच्या भिंतीवर एकच तारीख लावा: १० ऑक्टोबर. लवकरच्या फेरीतल्या मुलांचं कॉलेजकडून जायचं ते सगळं त्या दिवसापर्यंत चढलेलं असावं.

ट्रान्स्क्रिप्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात यातली अडचण वेगळी आहे. तिकडे नववी ते बारावी ही एकच शाळा. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी तुमच्याकडे. नववीच्या प्रगतिपुस्तकाची प्रत शाळेतून आणायला मूल सप्टेंबरमध्ये धावत जातं तेव्हा तिथले मुख्याध्यापक बदललेले असतात आणि जुनं रजिस्टर माळ्यावर गेलेलं असतं. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच, दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर नववीच्या निकालाचीही साक्षांकित प्रत मुलाने आणून ठेवावी, एवढी सूचना माहितीपत्रकात टाकली तरी काम होईल. अकरावीच्या गुणांचं रजिस्टर तर तुमच्याच ताब्यात असतं. अकरावीचा निकाल ‘उत्तीर्ण, बारावीत प्रवेश’ एवढाच शेरा देऊन मोकळं होणारी कॉलेजं आहेत. त्या शेऱ्याचं तिकडे काही करता येत नाही. विषयवार गुण, कितीपैकी किती, लेखी आणि प्रात्यक्षिक वेगळे, हे हवं.

आणि एक कळकळीची विनंती: गुणांचं चारपैकी जीपीएमध्ये, म्हणजे तिकडच्या सरासरी श्रेणीत, रूपांतर करू नका. इंटरनेटवरचं कुठलंसं कोष्टक वापरून ८२ टक्क्यांचे ३.३ केले जातात आणि मुलाचं नुकसान होतं. आहेत ते गुण जसेच्या तसे द्या आणि मोजपट्टी स्कूल प्रोफाइलमध्ये समजावून सांगा. तिकडच्या साध्या मोजपट्टीवर ७२ टक्के म्हणजे जेमतेम ‘सी’. आपल्या बोर्डात ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य, ६० च्या पुढे प्रथम श्रेणी, ४५ च्या पुढे द्वितीय आणि ३५ ला उत्तीर्ण. हे कुणी लिहिलंच नाही तर वाचणाऱ्याला कळणार कसं? दहावीचं उलटं आहे. तिथे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून टक्के शंभराला टेकतात. तेही प्रोफाइलमध्ये स्पष्ट लिहा. प्रामाणिकपणे समजावलेल्या कॉलेजवर पुढच्या वर्षीही विश्वास ठेवला जातो.

स्कूल प्रोफाइल म्हणजे कॉलेजची एक-दोन पानी ओळख. स्थापना, ट्रस्ट, नॅकचा दर्जा, वार्षिक संमेलनाचे फोटो यांची तिथे गरज नाही. बारावीत किती मुलं, किती तुकड्या, कोणत्या शाखा, वर्गात सरासरी किती विद्यार्थी. गेल्या तीन वर्षांत बोर्डात किती जण ९० च्या वर, किती ८० च्या वर, किती ७५ च्या वर. या एका तक्त्यामुळे तुमच्याकडचे ८४ टक्के पहिल्या दहांतले आहेत की पहिल्या दोनशेंतले, हे वाचणाऱ्याला कळतं. अनुक्रमांक देत नसाल तर तसं लिहा. शिकवण्याचं माध्यम, प्रयोगशाळा किती, कोणते उपक्रम आहेत आणि कोणते नाहीत. मुलं कुठून येतात, हेही लिहा. विरार किंवा बदलापूरहून रोज लोकलने दोन-दोन तास येणारी मुलं असतील, घरातली पहिली पदवीधर होऊ घातलेली असतील, तर ते एका वाक्यात नोंदवा. त्यामुळे संध्याकाळच्या वादविवाद मंडळात मूल का नव्हतं, याचा खुलासा मुलाला स्वतः द्यावा लागत नाही. प्रोफाइल एकदा बनवलं की दरवर्षी फक्त आकडे बदलायचे.

बारावीचे संभाव्य गुण हा तापलेला विषय आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. अमेरिकेत निर्णय त्याच्या आधी होतो. त्यामुळे तुमच्याकडून अंदाज मागितला जातो. काही कॉलेजं ‘असं देण्याची पद्धत नाही’ म्हणतात, काही मुलाच्या हट्टापायी सगळ्या विषयांत ९५ लिहून देतात. दोन्हींत तोटा आहे. ९५ चा अंदाज आणि मेमध्ये ७८ असा निकाल आला तर मिळालेला प्रवेश परत घेतला जाऊ शकतो, आणि तुमच्या पुढच्या विद्यार्थ्यांच्या अंदाजांकडेही कुणी विश्वासाने पाहत नाही. अकरावीचे वार्षिक गुण, बारावीची घटक चाचणी आणि सहामाही एकत्र पाहा. गेल्या दोन-तीन वर्षांत सहामाहीपेक्षा बोर्डात तुमच्या मुलांचे सरासरी किती गुण वाढले, ते तुमच्याच रजिस्टरमध्ये आहे. तेवढे वाढवा आणि कसे काढले ते खाली दोन ओळींत लिहा.

शिफारसपत्राकडे येतो. इथे आमची शिक्षकांबद्दल तक्रार नाही. त्यांना हे पत्र कशासाठी आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ते वर्तणुकीचा दाखला लिहितात: ‘अमुक विद्यार्थिनी नियमित, आज्ञाधारक व मेहनती असून तिचे चारित्र्य उत्तम आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ हे पत्र दोनशे मुलींना लागू पडतं, म्हणून त्या एका मुलीसाठी ते निरुपयोगी. त्याऐवजी वर्गात किंवा प्रयोगशाळेत पाहिलेली एक गोष्ट लिहावी. समजा, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजचा प्रयोग चालू आहे. एका मुलीची वाचनं जुळत नाहीत. शेजारच्या जर्नलमधले आकडे उतरवून सही घेणं सोपं होतं. ती थांबली, तारेच्या दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट केले, तरी जुळेना. मग रेझिस्टन्स बॉक्सच्या किल्ल्या एकेक पिळून पाहिल्या, तेव्हा एक सैल निघाली. ती दाबून बसवली, पुन्हा तीन वाचनं घेतली, आणि आधीची चुकीची वाचनं न खोडता जर्नलमध्ये तशीच ठेवून बाजूला कारण लिहिलं. शिक्षकांनी एवढंच लिहिलं, आणि ‘माझ्या चार तुकड्यांत असं करणारी ही एकटी’ असं खरं असेल तर जोडलं, की पत्र झालं. एक पान पुरे. विशेषणं लागत नाहीत.

इंग्रजीत लिहायला संकोच वाटत असेल तर मराठीत लिहा. मूळ पत्र आणि त्याचं भाषांतर दोन्ही जोडता येतात. भाषांतर कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी करावं, मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी नाही. मोडक्या इंग्रजीतल्या चार गुळगुळीत वाक्यांपेक्षा चांगल्या मराठीतलं खरं निरीक्षण कितीतरी वजनदार ठरतं. पत्र मुलाला दाखवू नये. कॉमन अ‍ॅपमध्ये मूल ते वाचण्याचा हक्क सोडून देतं आणि द्यावाच, म्हणजे पत्राची किंमत राहते.

इथेच एक अवघड गोष्ट बोलायला हवी. विज्ञान शाखेची कितीतरी मुलं क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात नावापुरती असतात. तास क्लासमध्ये, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलच्या सबमिशनला. अशा मुलाबद्दल कॉलेजच्या शिक्षकाने काय लिहायचं? क्लासच्या सरांचं पत्र जादा म्हणून कदाचित चालेल, मुख्य दोन पत्रांच्या जागी ते बसत नाही. ज्याला अमेरिकेत अर्ज करायचा आहे त्याने अकरावीपासून प्रत्यक्ष तासांना बसलं पाहिजे, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगणारं कुणीतरी हवं. अकरावीच्या ऑनलाइन फेऱ्या लांबल्या की तास उशिरा सुरू होतात. तरी अकरावीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत दोन शिक्षकांशी ओळख झालेली असणं मुलाच्या हातात आहे.

परीक्षांबद्दल. कोविडच्या काळात बहुतेक अमेरिकी कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली होती. आता वारं फिरलं आहे. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा मागायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सरकारी कॅम्पसं सॅट पाहतच नाहीत, पण तिथे परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदतही जवळपास नसते. म्हणजे शिष्यवृत्ती हवी असणाऱ्या मुंबईच्या मुलाने सॅट द्यायची असं धरूनच चालावं. भारतात मार्च २०२३ पासून ती पूर्ण डिजिटल आहे. एकूण २ तास १४ मिनिटं. वाचन-लेखनाचे २७ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं. मग १० मिनिटांची सुटी. गणिताचे २२ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा सोपा यायचा की कठीण हे ठरतं, आणि सोपा आला की वरचे गुण हातचे गेले. आपल्या मुलांना सीईटीची सवय, त्यामुळे ती पहिला भाग भराभर उरकतात आणि शेवटी सात मिनिटं रिकामी बसतात. त्या सात मिनिटांत खुणा केलेले प्रश्न पुन्हा पाहायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

गणित आपल्या मुलांना जड नसतं. त्यातलं बहुतेक दहावी-अकरावीपर्यंत झालेलं असतं. चुकतं ते प्रश्नाची भाषा वाचण्यात. उत्तर क्षचं काढलं आणि विचारलं होतं क्ष अधिक ३. डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच असतो आणि तो सगळ्या प्रश्नांना वापरता येतो. कागदावर चार ओळी लागणारं समीकरण तिथे दोन आलेख जिथे छेदतात त्या बिंदूवर दिसतं. तो हाताळायचा सराव नसेल तर ऐनवेळी उपयोग शून्य. वाचन-लेखनात उतारे छोटे, २५ ते १५० शब्दांचे, एका उताऱ्यावर एकच प्रश्न. तिथे गुण जातात विरामचिन्हांवर. दोन स्वतंत्र इंग्रजी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली चालत नाहीत, अर्धविराम कुठे आणि अपूर्णविराम कुठे, हे आपल्या शाळांत कुणी नीट शिकवत नाही. इंग्रजीच्या एका शिक्षकाने आठ-दहा तास यावर घेतले तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचेही गुण झपाट्याने वर जातात.

सराव फुकट आहे. ब्लूबुक या अधिकृत अ‍ॅपमध्ये पूर्ण लांबीच्या चाचण्या आहेत आणि खान अकादमीवर धडे आहेत. ब्लूबुक मोबाइलवर चालत नाही, लॅपटॉप, संगणक किंवा आयपॅड लागतो. ज्यांच्या घरी फक्त फोन आहे त्यांच्यासाठी तुमची संगणक प्रयोगशाळा महिन्यातून दोन शनिवारी तीन तास उघडी राहिली तर तेवढं पुरतं. परीक्षेच्या दिवसासाठी लॅपटॉप नसेल तर सॅट घेणाऱ्या ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेकडे उसना मागता येतो, पण किमान ३० दिवस आधी. पहिली सॅट बारावी सुरू होताना, दुसरी ऑगस्टमध्ये. ऑक्टोबर राखीव. मुंबईतल्या केंद्रांच्या जागा लवकर भरतात, उशीर केला की पुण्याचं किंवा त्याहून लांबचं केंद्र वाट्याला येतं. जानेवारीत तुमची प्रिलिम, त्याच महिन्यात जेईई. सॅट तिथपर्यंत रेंगाळली की तिन्हीकडे पाणी.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहा रमेश’. पासपोर्टवर आडनाव पाटील आणि नाव स्नेहा रमेश. मूल गुणपत्रिका पाहून पहिल्या, म्हणजे नावाच्या, रकान्यात पाटील भरतं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर बाहेर थांबावं लागतं, आणि पैसे जातात ते वेगळंच. पासपोर्ट अकरावीतच काढावा आणि त्यावरचं नाव सगळीकडे, तुमच्या ट्रान्स्क्रिप्टवरसुद्धा, अक्षरशः तसंच असावं.

इंग्रजीच्या परीक्षेवर थोडक्यात. टोफेल, आयेल्ट्स किंवा ड्युओलिंगो, यांतली एक. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं असल्यास काही कॉलेजं माफी देतात. तुमचं माध्यमाचं प्रमाणपत्र त्यासाठीच लागतं. टोफेलची मोजपट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे, तेव्हा जुन्या १२० च्या हिशेबातला सल्ला जपून घ्यावा. ड्युओलिंगो स्वस्त आणि घरबसल्या होते, पण कॅमेरा सतत चालू असतो. दहा बाय बाराच्या खोलीत आजी मध्येच पाणी प्यायला आत आली किंवा शेजारून कुणाचं बोलणं ऐकू आलं, तर निकाल रद्द होऊ शकतो. कॉलेजातली एक रिकामी खोली आणि चांगलं वाय-फाय तासभर द्या.

आता पैसा. नामांकित खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आज ८० हजार डॉलरच्या वर आहे. हे पैसे देणारी ‘शिष्यवृत्ती’ बहुतेक वेळा गुणांवर नसते, कुटुंबाच्या गरजेवर असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, ब्राउन अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाची निवड करताना त्याने मदत मागितली आहे का हे पाहत नाहीत, आणि निवडलं की लागेल तेवढी देतात. बाकीची बहुतेक पाहतात. म्हणून पुष्कळ पालकांना कुणीतरी सल्ला देतं: आता मदत मागू नका, प्रवेश मिळाला की मागू. हा सल्ला घातक आहे. अर्ज करताना मदत मागितली नाही तर नंतर ती मिळत नाही, कित्येक ठिकाणी चारही वर्षं, असा अनेक कॉलेजांचा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा नियम आहे. कॉर्नेलमध्ये खास भारतीय नागरिकांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे, टाटा ट्रस्टच्या २००८ सालच्या देणगीतून. तीही गरज पाहूनच मिळते. गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांची मुदत पुष्कळदा प्रवेशाच्या मुदतीआधी येते, तेव्हा दोन्ही तारखा वेगळ्या लिहून ठेवायच्या.

मदतीसाठी बहुतेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म, मागतात. ते १ ऑक्टोबरला उघडतं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. ही फी परवडत नसेल तर त्या त्या कॉलेजला ई-मेल करून माफीचा कोड किंवा दुसरा फॉर्म मागता येतो. विचारलं नाही तर कुणी आपणहून देत नाही. रक्कम रुपयांतच भरायची असते. इथे वर्षाच्या जागी महिन्याचा पगार भरला जातो, किंवा लाखाचा स्वल्पविराम चुकून १,८०,००० चे १८,००,००० होतात. आई धुणी-भांडी करते, वडील भाड्याची रिक्षा चालवतात, अशा घरात फॉर्म सोळा नसतो आणि आयकराचं विवरणपत्रही नसतं. मग चार घरांच्या मालकिणींची सहीची पत्रं, वडिलांचं रोजच्या कमाईचं स्वतःचं निवेदन, पासबुकाच्या बारा महिन्यांच्या प्रती आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखला मराठीत असतो. त्याचं भाषांतर करून कॉलेजच्या शिक्क्याने साक्षांकित करून देणं हे तुमच्याकडून सहज होण्यासारखं काम आहे. एक सावधगिरी बाळगायला सांगा: फी-सवलतीसाठी काढलेल्या दाखल्यावर एक आकडा, पासबुकात दुसरा आणि फॉर्ममध्ये तिसरा, असं झालं की अर्ज तिथेच अडतो.

घराचा रकाना मुंबईत सर्वांत फसवा. घराची किंमत विचारली की पालक इस्टेट एजंटला विचारून आकडा टाकतात, आणि लालबागच्या दीडशे फुटांच्या खोलीत राहणारं कुटुंब कागदावर श्रीमंत दिसतं. खोली पागडीची असेल तर कुटुंब तिचं मालकच नाही, भाडेकरू आहे. एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनातलं) घर असेल तर ते ठरावीक वर्षं विकता येत नाही. हे ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात चार साध्या वाक्यांत लिहायचं. गावाकडच्या सामायिक सातबाऱ्यावर वडिलांचं नाव सात भावंडांबरोबर असेल, तर त्यांचा हिस्सा किती आणि त्यातून वर्षाला हातात काय येतं तेही.

मुंबईतच एक गैरसमज पक्का बसला आहे: ‘परदेशी शिक्षणाला टाटांचा ट्रस्ट आहे, महिंद्रांचा आहे, सरकारची शाहू महाराज योजना आहे.’ जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून मदत करतं हे खरं, पण तिथे, के. सी. महिंद्र ट्रस्टकडे, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनकडे आणि इन्लॅक्सकडे पदवीनंतर जायचं असतं. फुलब्राइट-नेहरू आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर शिक्षणापासून पुढे. बारावीच्या मुलाने यांच्या भरवशावर राहू नये. त्याचा पैसा अमेरिकेतल्या कॉलेजकडूनच यायचा आहे. माहितीसाठी एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्ला-सेवेचे सल्लागार मुंबईत विनामूल्य उपलब्ध आहेत. पालकांना आधी तिथे पाठवा. ‘फुकटात’ अर्ज भरून देणाऱ्या एजंटला बहुतेकदा एखादं विद्यापीठ कमिशन देत असतं, आणि तो मुलाला तिथेच ढकलतो. निबंध लिहून देणारे, तुमच्या लेटरहेडची नक्कल करणारेही आहेत. कॉलेजच्या नावाने गेलेलं एक खोटं पत्र सापडलं तर त्याची झळ पुढच्या मुलांना लागते, म्हणून किती मुलांना कोणते कागद दिले याची एक वही कार्यालयात ठेवा.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाल्यावरची एक गोष्टही पालकांच्या कानावर घाला. फीसाठीचा भाग करमुक्त असतो. राहण्या-जेवण्यासाठीच्या भागावर अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला साधारण १४ टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कर-करारामुळे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून त्यातला बराच परत मिळवता येतो, पण पहिल्या सत्राचं बिल येतं तेव्हा धक्का बसतो. विमानभाडं, व्हिसाची फी, ३५० डॉलरची सेव्हिस फी (अमेरिकी सरकारकडच्या विद्यार्थी-नोंदणीची) आणि हा कर, एवढी तजवीज आधी हवी.

तुमच्याकडून मागणं आहे ते असं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजातल्या एका व्यक्तीचं नाव सूचनाफलकावर लावा: परदेशी प्रवेशाच्या कागदांसाठी यांना भेटा. तिला कॉलेजच्या डोमेनवरचा ई-मेल, शिक्का आणि आठवड्याला दोन मोकळे तास द्या. तिने ऑगस्टमध्ये स्कूल प्रोफाइल बनवावं, सप्टेंबरमध्ये ट्रान्स्क्रिप्ट, १० ऑक्टोबरला पहिली खेप. पहिल्या सत्राचे गुण जानेवारीत, बोर्डाचे निकालानंतर आठवडाभरात. प्रोफाइलचा नमुना, शिफारसपत्राच्या सूचना आणि संभाव्य गुणांचा तक्ता आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तयार केला आहे. तुमच्या शिक्षकांसाठी एका शनिवारी दुपारी दोन तास द्याल तर आम्ही कॉलेजात येऊन तो समजावून सांगू. मानधन नको. फक्त प्रोजेक्टर आणि गेल्या तीन वर्षांच्या निकालाचं रजिस्टर तेवढं बाहेर काढून ठेवा.

आपले,
मुंबईतले परदेशी पदवीप्रवेशाचं काम करणारे काही शिक्षक आणि समुपदेशक